टँकरचं पाणी आणि माझं नाक

सन एकोणीसशे शहाऐंशी. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर चव्वेचाळीस निघतात, पण तो दाखला मास्तरांनी माझी उंची बघून लिहिला, आणि मी लहानपणापासून उंच. दुसरीपर्यंत शिकलो. तिसरीत तीन महिने गेलो, पण त्याला शिकणं म्हणता येत नाही, बसणं म्हणता येईल. बाकीचं शिक्षण मुदखेडला झालं, स्टेशनाजवळच्या मामाच्या खानावळीत. मामानं पहिल्या दिवशी एकच धडा दिला : चुलीवरचं चाखायचं नाही. आधी देव, मग पाहुणा, सगळ्यात शेवटी आचारी. मीठ किती पडलं, तिखट किती पडलं, ते वाफेवरून कळलं पाहिजे.

मला कळायचं. मिठाला वास नसतो म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. कोरड्या मिठाला नसतो. वरणात पडलेल्या मिठाला असतो. नांदेडात, मुदखेडात आणि पुढं लातुरात, एवढ्या वर्षांत मी चुलीजवळ बोटसुद्धा चाटलं नाही आणि माझ्या पंगतीत कुणी वरून मीठ मागितलं नाही. लोक पाहुण्यांना मला दाखवायचे. हा बघा, न चाखता करणारा. मी मान वर करून उभा राहायचो. ते दिवस मान वर करण्याचेच होते.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. जिल्हा झाला म्हणजे आधी पाट्या आल्या, मग पाट्यांखाली खुर्च्या आल्या, मग खुर्च्यांवर साहेब आले. जिथं शेंगांची पोती रचलेली असायची त्या खोल्यांत टाइपरायटर वाजायला लागले. पाणी मात्र आलं नाही. त्या उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस फक्त हवा यायची आणि नवरीचा बाप आधी टँकरवाल्याला गाठायचा, मग भटजीला.

अशातच अन्न खात्याचे साहेब आमच्या दारात आले. कोल्हापूरकडचे, सडपातळ, चष्मा, काखेत रेक्झिनची बॅग. वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान. मी काहिल, म्हणजे पंगतीची मोठी कढई, उन्हात पालथी घालून घासत बसलो होतो. बायको ओसरीवर गहू निवडत होती. चपात्यांच्या बायकांची मुकादम तीच. आमच्या धंद्यातला अर्धा वाटा तिचा, आणि बोलण्यातला पाऊण.

"आचारी तुम्हीच का?" साहेबांनी विचारलं.

"लातुरात कुणालाबी विचारा."

"तुम्हालाच विचारतोय. परवाना आहे का?"

"कशाचा?"

"लोकांना स्वयंपाक करून घालण्याचा."

बायकोनं सुपातून मान वर काढली. "अगं बाई, मलाबी लागतोय का ओ साहेब? मी पंचवीस वर्षं ह्यांना बिनपरवान्याचं घालून राहिले."

साहेब हसले नाहीत. त्यांनी वही काढली. मी म्हणालो, "साहेब, माझं नाव हाच माझा परवाना."

"बरं. नाव कुठं लिहिलंय?"

मी पुन्हा काहिल घासायला लागलो.

मग त्यांनी नियम वाचायला सुरुवात केली. नखं कापलेली पाहिजेत. कबूल. शिजलेल्या प्रत्येक भांड्यावर झाकण पाहिजे. कबूल. डोक्याला फडकं पाहिजे. मी टोपी काढून माझं डोकं दाखवलं. "ह्याच्यावर एक केस हाय का बघा. पडणार काय त्यातून?"

"घाम," साहेब म्हणाले.

बायको सुपात तोंड घालून हसत होती ते मला न वळताच कळलं.

पुढचा नियम, सिव्हिल हॉस्पिटलातून तपासून कागद आणायचा. तिथल्या डॉक्टरांनी जीभ बघितली, हात उलटेपालटे करून बघितले, पाठीला नळी लावली. एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण जाताना त्यांनी सांगितलं, की उद्या सकाळी काडीपेटीतून नमुना घेऊन या. कशाचा, ते इथं लिहीत नाही. तीन दिवस मी हॉस्पिटलाच्या रस्त्यानंसुद्धा गेलो नाही. चौथ्या दिवशी काडीपेटी धोतराच्या सोग्यात दडवून नेऊन दिली. कागद मिळाला. या इसमास कोणताही संसर्गजन्य रोग नाही, असं त्यावर होतं. बायकोनं तो शेजारणीकडून वाचून घेतला आणि म्हणाली, "बघा की, एवढं शोधलं सरकारनं, हट्ट सोडून काय निघालं न्हाई."

राहिला शेवटचा नियम, पाण्याचा. स्वयंपाकाचं पाणी टँकरचंच घ्यायचं आणि त्यात पांढरी पावडर टाकायची. टीसीएल म्हणतात तिला, पाण्यातले जंतू मारते. साहेबांनी एक पुडी दिली, घेतली. दुसऱ्या दिवशी एका घागरीत टाकून बघितली आणि माझं नाकच मेलं. घागरीतून सिव्हिल हॉस्पिटलाचा वास यायला लागला. अशा पाण्यावर वरण ठेवलं तर मीठ कुठं शोधू मी? माझी सगळी विद्या वाफेत, आणि वाफेत ही पावडर.

साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मामा, दुष्काळाचं पाणी आहे. कुठून कुठून भरतात. एका लग्नात तीनशे माणूस जेवतं. हगवण लागली तर तीनशे घरात लागेल. परवा अप्पांच्या दारात लग्न आहे ना, तिथं मी येतो. सगळं नियमानं दिसलं तर तिथंच सही करतो. नाही दिसलं, तर या शहरात तुम्हाला भांडं चढवता येणार नाही."

आवाज चढवून बोलले असते तर मीही चढवला असता. ते साधेपणानं बोलले, म्हणून भीती वाटली. मला दुसरं काय येत होतं? शेत नाही, शाळा नाही. काहिलीतला माणूस मी. काहिल गेली की मी कुणाचाच नव्हतो.

अप्पा म्हणजे मोंढ्यातले डाळीचे व्यापारी, लिंगायत, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. तुरीची डाळ हातात घेतली तर शेत सांगतील, असा त्यांचा लौकिक. थोरल्या मुलीचं लग्न, वऱ्हाड शिरूर अनंतपाळचं. बेत खपली गव्हाची हुग्गी, चपाती, वांग्याची भाजी, वरण-भात. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची गुळातली खीर. त्यांच्याकडची रीत अशी, की आधी जंगम स्वामींना जेवू घालायचं, त्यांचं झालं की मग पंगत बसवायची. तोवर घरातलं पोरसुद्धा काही तोंडात टाकत नाही. मामाचा धडा आणि अप्पांची रीत अशी बरोबर जुळायची, म्हणून त्या घरातलं कार्य मी कधी सोडलं नाही.

पहाटे टँकर आला. बायकोनं नियमानं पिंपं भरली, नियमानं पावडर टाकली, नियमानं झाकणं घातली. मी हुग्गी त्याच पाण्यावर चढवली. वेलदोडा आणि गूळ असल्यावर हुग्गी काही मनावर घेत नाही. पण वरणाची वेळ आली तसा माझा जीव घुटमळला. शेवटी मी भांडी आणलेल्या बैलगाडीवाल्याला हळूच सांगितलं, की औशाच्या रस्त्याला ती मळ्यातली विहीर आहे, तिथून एक टिपाड भरून आण. त्या विहिरीची आणि माझी पंधरा वर्षांची ओळख. तिच्या पाण्याला डाळ नुसती दाखवली तरी शिजते, असं मीच लोकांना सांगायचो.

टिपाड आलं. बायकोनं कमरेवर हात ठेवले.

"अवं, साहेब काय म्हणले होते?"

"साहेब म्हणले, पाणी साफ पाहिजे. हे बघ, तळ दिसून राहिला."

"टिपाड रिकामं असलं तरी तळ दिसतोय की. निदान घोटभर पिऊन तरी बघा."

"चूल पेटली की माझ्या तोंडात काय जात न्हाई. तुला म्हाईत हाय."

"पाण्याचा कुठं निवद असतोय?"

मी चुलीत लाकूड सारलं. ती बरोबर बोलली की मी जाळ वाढवतो.

वरण चढवलं. वाफ आली, स्वच्छ, निर्मळ, डाळीचा गोड वास. माझं नाक जिवंत झालं. मी नेहमीच्या ओंजळींनी मीठ टाकलं आणि वास घेतला. बरोबर. एकच गोष्ट बरोबर नव्हती, ती म्हणजे डाळ. तास झाला, दीड तास झाला, डाळ आपली पिवळ्या मण्यांसारखी खणखणीत. पळी मारली की काठाला टणटण लागायची. जाळ वाढवला, तेल सोडलं. ती हट्टाला पेटली होती, आणि हट्टाला पेटलेलं कुणी मला आवडत नाही.

पाण्यावर माझा संशय जाईना. माणूस पंधरा वर्षांच्या ओळखीवर संशय घेत नाही. मग उरलं कोण? मी पळी आपटून म्हणालो, "जुनी डाळ दिली!"

हे मी जरा मोठ्यानं म्हणालो. अप्पा मांडवातून आले. नवं धोतर, डोक्याला रुमाल, हातात अक्षता.

"काय म्हणलास?"

"डाळ शिजंना अप्पा. मागच्याच्या मागल्या सालची दिसतीया."

"माझ्या अडतीची डाळ?" अप्पांनी अक्षता दुसऱ्या हातात घेतल्या, म्हणजे बोट दाखवायला हात मोकळा झाला. "माझ्या पोरीच्या लग्नात मी जुनी डाळ घालीन? या डाळीला नांदेडचे व्यापारी हात जोडत येतात!"

"त्यांनी कच्ची नेली असंल. मला शिजवायची हाय."

"तुला शिजवता येईना म्हण की!"

दोन पाहुणे मधे पडले. अप्पा अक्षतांसकट परत गेले. एवढी वर्षं त्या घरात माझा मान होता, पण त्या दिवशी त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

थोड्या वेळानं साहेब आले. माझी नखं बघितली, फडकं बघितलं, प्रत्येक झाकण उचलून खाली ठेवलं. पिंपाजवळ वाकून पावडरीचा वास घेतला आणि खुशीनं मान हलवली. तो वास आवडणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. मग खुर्चीवर बसले, गुडघ्यावर कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं. वरणात कुठलं पाणी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. न विचारलेलं सांगायचं नसतं, असं मी तेव्हा मानत होतो.

एवढ्यात स्वामी पाटावर बसले. वृद्ध, शांत माणूस, जेवताना मौन पाळायचे. मी स्वतः वाढलं. त्यांनी हुग्गीचा घास घेतला, डोळे मिटले, मान डोलावली. मी साहेबांकडं बघितलं. मग स्वामींनी भात कालवला. अर्धीकच्ची डाळ मी घोटून घोटून दिसायला बरी केली होती. पहिला घास तोंडात गेला आणि स्वामी थांबले. मांडवाच्या छताकडं बघत राहिले. मग तांब्या उचलला आणि सगळा संपवला. दुष्काळात कुणी सगळा तांब्या संपवत नाही.

त्यांनी वरणाच्या वाटीकडं बोट केलं, मग माझ्याकडं.

मला वाटलं, आवडलं. मी आणखी एक पळी वाढली.

स्वामींनी माझ्याकडं जे बघितलं ते मी अजून विसरलो नाही. दुसरा तांब्या आणवला. तोही संपवला. मग त्यांनी वरणाच्या वाटीला दोन्ही हात जोडले आणि ती हळूच पाटापासून लांब सरकवली.

बायको कानाशी येऊन म्हणाली, "अवं, आता तरी चाखा. स्वामींचं झालं, आता परसाद हाय. रीत मोडत न्हाई."

मी पळीभर वरण तळहातावर घेतलं. समुद्र मी पाहिलेला नाही. त्या दिवशी तेवढा चाखला. विहिरीचं पाणी दुष्काळानं तळाला जाऊन मचूळ झालं होतं, आणि त्यात माझं नेहमीचं मीठ. खाऱ्या पाण्यात डाळ कशी शिजेल? आणि माझं नाक, ज्याला सगळं लातूर ओळखत होतं, ते दीड तास त्या काहिलीवर वाकून "बरोबर, बरोबर" म्हणत होतं.

साहेब उठून आले होते. त्यांनीही बोटभर घेतलं, तोंड वाकडं केलं. "मामा, हे कुठलं पाणी?"

पेन त्यांच्या हातात उघडंच होतं. पलीकडं अप्पा उभे होते, त्यांच्या मागं निम्मं वऱ्हाड. टँकरचं म्हणालो असतो तर भागलं असतं. टँकरवाला केव्हाच निघून गेला होता आणि टिपाड रिकामं झालं होतं. बायको माझ्याकडं बघत होती. ती काही बोलली नसती. म्हणूनच जड गेलं.

"विहिरीचं," मी म्हणालो. "मी आणवलं. पावडरीनं माझं नाक चालंना म्हणून आणवलं. अप्पा, डाळ तुमची चांगली हाय. पाणी माझं वाईट निघालं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. टक् असा आवाज झाला. एवढ्या गोंधळातही मला तो ऐकू आला.

पण ते ओरडले नाहीत. बाह्या वर केल्या. "डाळ आहे का आणखी?"

"माझ्या घरात डाळ नसंल?" अप्पा म्हणाले. राग होता, पण डाळीचं नाव निघाल्यावर त्यांचा आवाज आपोआप उजळायचा. त्यांनी स्वतः पोतं सोडलं. टँकरच्या पाण्यावर दुसरी काहिल चढली. बायको म्हणाली, झाकण काढा, खळखळ उकळू द्या, पावडरीचा वास उडून जाईल. आणि तसंच झालं. अर्ध्या तासात डाळ लोण्यासारखी. मला बरं वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

तोवर पंगत थांबवायची कशी? तेही बायकोनंच केलं. हुग्गी पुढं काढली, चपाती-भाजी वाढली, पुन्हा हुग्गी, पुन्हा आग्रह. शिरूर अनंतपाळच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "का ओ, शहरात वरण-भात सगळ्यात शेवटी वाढायची पद्धत निघाली का?"

"हाव," अप्पा गंभीरपणानं म्हणाले. "नवा नियम हाय. हे काय, साहेब बसलेत की."

साहेबांना ठसका लागला.

खारं वरण टाकून देणं कुणाच्याच मनाला येईना, त्या सालात तर नाहीच. नव्या बिनमिठाच्या डाळीत ते कालवलं, साहेबांनी उभं राहून पुन्हा उकळी काढायला लावली. चव जमली, पण वरण दुप्पट झालं. उरलेलं अप्पांनी गाडीत घालून रस्त्याच्या दुष्काळी कामावर पाठवायचं ठरवलं. साहेब घड्याळ दाखवत म्हणाले, "आत्ता, गरम आहे तोवर. चार वाजता पाठवलेलं चालणार नाही, या उन्हात नासतं." तेही बरोबर होतं. त्या दिवशी सगळेच बरोबर होते.

जाताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. "आज सही करत नाही. तुम्ही खरं सांगितलं नसतं तर पुन्हा तुमच्या दारात आलो नसतो. उद्या ऑफिसात या आणि पाण्याचं काय करणार ते मला सांगा. पटलं तर बघू."

घरी आलो. जेवलो नाही. बायकोनं फुलपात्रात पाणी आणून दिलं. प्यालो. गार, गोड, कसला वास नाही, कसली चव नाही.

"कुठलं?"

"टँकरचं. पहाटे अप्पांच्या दारातून घागरभर आणून माठात ओतलं, पावडर टाकली, वरून पंचा बांधला होता. दिवसभरात वास निघून गेला. तुमच्या नाकाला म्हणावं, आदल्या दिवशी पाणी भरत जा."

मी माठाशी गेलो, वाकलो, पुष्कळ वेळ वास घेतला. नाही म्हणजे नाही. आणखी एक फुलपात्र प्यालो. ती भांडी आवरत होती, मुद्दाम माझ्याकडं पाठ करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि त्याच माठातला तांब्या भरून, वर वाटी झाकून, साहेबांच्या ऑफिसात गेलो. ऑफिस उघडायचं होतं. पायरीवर बसलो. साहेब आले तसा त्यांच्या मागोमाग आत गेलो आणि तांब्या टेबलावर, फायलींच्या मधोमध ठेवला.

"प्या."

"काय आहे?"

"आधी प्या. मग सांगतो."

साहेबांनी वास घेतला, थोडं प्याले, मग सगळं प्याले. "विहिरीचं?"

"टँकरचं. पावडर टाकलेलं. आदल्या दिवशी पहाटे भरायचं, टाकायची, कापड बांधायचं. आता मी विहिरीला जात न्हाई, अन् पाणी पिऊन बघितल्याशिवाय चूल पेटवत न्हाई. पाण्याचा निवद नसतोय."

"पावडर किती टाकता?"

"चिमूटभर."

"चिमूट म्हणजे किती? माप लागतं."

मी बोटं जुळवून दाखवली. ते म्हणाले, ही जास्त होते. मी म्हणालो, तुमची बोटं बारीक आहेत म्हणून तुम्हाला जास्त दिसते. त्यांनी कपाटातून पुडी काढली, कोऱ्या कागदावर माझ्याकडून चिमूट टाकून घेतली, बॅगेतून एक बारकासा चमचा काढून मोजली. दोघं वाकून बघत बसलो. शिपाई चहा घेऊन आला आणि दारातच थांबला. चिमूट चमचाभर भरली, वर थोडीशी उरली. ती उरलेली साहेबांनी पुडीत परत टाकली, चमचा मला दिला, परवान्याच्या फॉर्मवर आपली सही केली आणि तो माझ्यापुढं सरकवला. मी चमचा खिशात ठेवला आणि सही केली.